वेताची बैठक

गडचिरोली नवा जिल्हा झाला त्या सुमारास तिथल्या एका कचेरीत लोखंडी खुर्च्या आल्या आणि जुन्या सागवानी खुर्च्या हर्रासात निघाल्या. माझे वडील बसवर कंडक्टर. त्यांनी चार खुर्च्या घेतल्या आणि बसच्या टपावर टाकून सावली या गावाजवळच्या आमच्या खेड्यात आणल्या. लाकूड ठणठणीत होतं. बैठकीचा वेत मात्र फाटून खाली लोंबत होता.

आजोबांनी खुर्च्या उलट्या करून पाय चाचपले आणि खूश झाले. गावातल्या निम्म्या खाटा त्यांनीच विणलेल्या. हे पाय काढून खाटांना लावू, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्या घरात आजोबांनी जाहीर केलं की विषय संपायचा.

त्या दिवशी मात्र आई बोलली. पदर सावरून, भिंतीकडे पाहत ती म्हणाली की आधी एक विणून पाहते, नाही जमली तर चारींचे पाय काढा. मी तेव्हा दहावीत होते, आणि सासऱ्यासमोर तिला एवढं लांब बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. आजोबाही चकित झाले असावेत, कारण ते बरं म्हणाले.

तिला खुर्ची कशाला हवी ते मला ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या बाळंतपणात दवाखान्यात नर्सबाईंनी तिला खुर्ची दिली होती, आणि थोडा वेळ ती पाठ टेकून बसली होती. त्या बसण्याची गोष्ट ती मला अजून सांगायची. घरात सुनेनं सासऱ्यासमोर उंचावर बसायचं नाही, आणि आजोबा घरी असले की सदा ओसरीवर. माणूस वाईट नव्हता, पण रिवाज म्हणजे रिवाज. मला त्या रिवाजाचा फार राग यायचा. आईचं मागणं मात्र लहान होतं. म्हातारा शेतावर गेला की घटकाभर बसीन, एवढंच.

वडिलांनी नागपूरहून वेत आणला. शिकवणारं कुणी नव्हतं. आईनं त्यातल्या त्यात शाबूत बैठकीची खुर्ची निवडली आणि ती उसवायला घेतली. जी पट्टी शेवटी सुटेल ती विणताना आधी घालायची, हे तिचं तिनंच ठरवलं. मग वेत पाण्यात भिजवून ती चौकटीच्या भोकांतून ओवू लागली. आधी उभा, मग आडवा, मग तिरपा. सुटू नये म्हणून भोकात बांबूची खुंटी ठोकायची आणि जास्तीची पट्टी दातांत धरायची. तिरप्या पट्ट्या पडू लागल्या तशी मोकळ्या चौकटीत अठकोनी जाळी उमटत गेली, आणि मी अभ्यास सोडून पाहतच राहिले. रोज चुलीपाशी दिसणारी ही बाई कोण आहे, असं मला खरोखर वाटलं.

काम पुढच्या कडेला आलं आणि आजोबांना राहवलं नाही. खाटेला पायथ्याशी वीतभर जागा मोकळी ठेवून तिथं ताणायची दोरी घालतात, तिला आम्ही अदवान म्हणतो. खाट सैल झाली की अदवान ओढायची. "अदवानीले जागा ठेव वं," ते म्हणाले. जुन्या बैठकीत अशी जागा नव्हती हे उसवताना आईनं पाहिलं होतं. पण सासऱ्याचा शब्द. तिनं जागा ठेवली.

संध्याकाळी वडील ड्यूटीवरून आले आणि गणवेशातच ऐटीत बसले. पुढच्या कडेला न अडकवलेला वेत सुटला, बूड खाली गेलं, गुडघे हनुवटीला लागले आणि तिकिटांची पेटी नाकावर आली. मी हसले. मग आईचा चेहरा पाहिला आणि माझं हसू आटलं. खुर्ची जमली नव्हती, आता चारींचे पाय जाणार होते.

आजोबांनी त्या मोकळ्या जागेत हात घालून पाहिलं. मग म्हणाले, "माहं चुकलं. तुह्या मनानं विन."

आईनं सगळं उसवलं, नवा वेत भिजवला आणि या खेपेला थेट पुढच्या कडेपर्यंत ओढून विणलं. आजोबा शेजारी तोंड मिटून बसायचे, जे त्यांना खाटा विणण्यापेक्षा जड जात असणार. सावलीत वाळता वाळता वेत आखडला आणि बैठक अशी ताणली गेली की बोट मारलं तर आवाज यायचा.

वडील पुन्हा बसायला निघाले. आजोबांनी त्यांना अडवलं. खाट विणणाऱ्यांचा जुना नियम होता: ज्यानं विणली त्यानंच आधी बसायचं, पडला तर तोच पडेल. आजोबांनी तो जन्मभर पाळला होता.

"जो विनते तो आंदी बसते," ते म्हणाले.

आई जागची हलेना. "मामाजी, तुमच्या म्होरं कशी बसू?"

आजोबा खाटेवर होते. ते उठले, भिंतीला धरून हळूहळू खाली वाकले आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले.

"आता बस, बाई."

ती आधी कडेवर टेकली. मग जरा मागे सरकली, मग आणखी मागे.

"टोचून तं नाई राह्यलं?" आजोबांनी खालून विचारलं.

आईनं नाही म्हणून मान हलवली आणि पाठ टेकली.