शेण संपणार नाही

गोबरगॅसच्या प्रचाराचं पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे दोष दुसऱ्याच्या माथी मारायची सोय नाही. मधोमध रेघ ओढून डावीकडे पारंपरिक ऊर्जा: कोळसा, डिझेल. उजवीकडे अपारंपरिक: ऊन, वारा, गोबरगॅस, उसाचं चिपाड. खाली ठळक अक्षरात, 'कोळसा संपणार, शेण संपणार नाही!' त्या उन्हाळ्यात आमच्याकडचं थर्मल वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडलेलं. धुराडी नुसतीच उभी. मला वाटलं, मुद्दा आपोआप सिद्ध झाला.

दूध सोसायटीच्या ओट्यावर मी ते वाचून दाखवलं. माझी काकू पुढंच बसली होती. तिला दमा. बीडच्या डॉक्टरनं बजावलेलं, धुरापासून लांब राहा, नाहीतर छाती साथ द्यायची नाही. मी 'पारंपरिक' म्हणताच ती म्हणाली, "म्हंजी चूल. सासूच्या सासूपासून तीच हाय."

बाया हसल्या. मी तिला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं: चूल नव्हे काकू, कोळसा.

"कोळसा आमच्या घरात कवा आलता रं?"

मी पुढचा मुद्दा घेतला. प्रचाराच्या शिबिरात आम्हाला शिकवलंच तसं होतं, अडचणीचा प्रश्न आला की पुढचा मुद्दा.

सोसायटीच्या गोबरगॅसच्या यादीत पहिलं नाव काकूचं लागलं. खड्डा काकानं स्वतः खणला. श्रावणात शेगडी पेटली. पुढारी आले, फीत कापली, त्या शेगडीवरचा चहा पिऊन गेले. काकू स्वयंपाक झाला तरी तिच्यापुढं बसून राहायची. महिनाभर तिचा खोकला ऐकू आला नाही, हे मी सिरसाळ्याच्या बाजारात माणसं धरून धरून सांगितलं.

पाऊस मात्र आला नाही. गोबरगॅसला जितकं शेण तितकंच पाणी कालवावं लागतं, हे पत्रकात नव्हतं. टँकर चार दिवसांनी यायचा. काकू भांडी धुतलेलं पाणी जपून ठेवायची आणि गाईला पाजावं तसं त्या खड्ड्याला पाजायची. मग दिवाळी झाली, रानात काढायला काही नव्हतं, आणि दोघं बैलगाडी जुंपून ऊसतोडीला निघाली. बैल गेले म्हणजे शेण गेलं. आमचं निम्मं गाव दरवर्षी सहा महिने जनावरांसकट कारखान्यावर असतं. हे मला ठाऊक नव्हतं का? मी तोडीवरच चालायला शिकलो. तरी लिहिलं, शेण संपणार नाही. पुढं उद्गारचिन्हसुद्धा दिलं.

जाताना काकूनं शेगडी पदरानं पुसून फडक्यात गुंडाळली. टाकीकडं बघत जा, म्हणाली. मी शेण मागत गावभर फिरलो. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दोन म्हशी, एवढंच काय ते. गॅस असला की लोखंडी टाकी खड्ड्यावर तरंगते, संपला की खाली जाते. संक्रांतीच्या आत ती तळाला बसली. कडेचा शेणाचा काला वाळून भेगाळला.

ते सांगायला मी कारखान्यावर गेलो. काकू राहत्या कोपीपुढं तीन दगड मांडून भाकरी करत होती. जळण उसाच्या वाळक्या पाल्याचं, पाचटाचं. भसकन पेटतं आणि धुरानं डोळे फोडतं. पलीकडं कारखान्याचं धुराडं. तिथं चिपाड जाळून वीज काढतात, माझ्या उजव्या रकान्यातली, स्वच्छ, कधी न संपणारी. ऊस काकूनं तोडलेला. तिला दोन शब्दांच्या मधे थांबून श्वास घ्यावा लागत होता.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पुना पेटंल का?"

मी पाण्याचं बोललो, पुढच्या पावसाळ्याचं, सोसायटीच्या ठरावाचं. ती ऐकत राहिली.

"न्हाई म्हण की मग. एवढं बोलायला कशाला लागतंय?"

न्हाई, म्हणालो.

तिनं भाकरी उलथली आणि पाचटाची आणखी एक मूठ आत सारली.