टेकडीवर चढलेला विनोद

प्यो हानसोल इतका सावकाश गातो, की एका कडव्यात ऐकणाऱ्याचा चहा निवतो. तळ्यावरचं धुकं, बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान, उन्हाळ्यात कोपऱ्यात विसरलेला हीटर असे त्याच्या गाण्यांचे विषय. पूर्वी त्याचा बँड होता, ‘ओली काडेपेटी’ नावाचा. ती काही पेटली नाही. ड्रमवाला सासऱ्याच्या दुकानात कोंबडी तळायला गेला, बास वाजवणारी लग्न करून जेजू बेटावर संत्री पिकवायला गेली, आणि चुनचॉन गावात हानसोल एकटा उरला. गिटार होती, बँडचं नावही होतं. दुपारी तो पोरांना गिटार शिकवायचा आणि संध्याकाळी मेंगदादाच्या तळघरातल्या पुस्तकांच्या दुकानात गायचा.

एकट्यानं गायचं म्हणजे मध्येच तारा जुळवाव्या लागतात. तेवढा वेळ लोक गप्प बसून त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. ती शांतता अंगावर यायची, म्हणून हानसोल काहीबाही बोलू लागला. बोलणं लांबत गेलं, गाणी आखडत गेली.

“तू गातोस तेव्हा लोक पुस्तकं चाळतात,” मेंगदादा एकदा म्हणाला. “बोलतोस तेव्हा मिटतात. तुझं बोलणंच छापून टाकू.”

अशा रीतीनं हानसोलचं पुस्तक निघालं. गिटार वाजवणारा माणूस पुस्तकही लिहितो हे लहान गावात एकदा कळलं, की मग त्याची सुटका नसते. वाचनालयाचा वाढदिवस, बेवारस मांजरांसाठी मदत, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळीकडे हानसोल. यंदा याकसाच्या टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना थंडीचा कोळसा पोचवायचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मेंगदादानं भिंतीवर लावलेल्या कागदावर छापलं होतं: गाणं – प्यो हानसोल. वाचन – प्यो हानसोल. विनोद – प्यो हानसोल.

“विनोद?” हानसोलनं विचारलं. “दादा, मला विनोद कुठं येतो?”

“ज्याला येतो त्यानं ऐनवेळी पाठ फिरवली. तू उंच आहेस, माईकसमोर शोभशील.”

हानसोलला खरी काळजी विनोदाची नव्हती. त्या दिवशी टेकडीवर त्याची आई येणार होती, आणि पुस्तक निघाल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

आई बाजारात टोफू विकते. ‘माझा मुलगा सरकारी परीक्षेची तयारी करतोय,’ असं ती वर्षानुवर्षं बाजारभर सांगत आली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कोरियात मुलाला चिकट चिक्की देतात, म्हणजे तो पास होऊन नोकरीला चिकटतो. आई ती दरवर्षी सगळ्या बाजारासमोर हानसोलच्या हातात ठेवायची, आणि तो ती खिशात घालून गाण्याच्या कार्यक्रमाला जायचा. हे सगळं त्यानं पुस्तकात लिहिलं. शेवटी असंही लिहिलं, की आईला त्याच्या गाण्याची लाज वाटते. बाजारात कुणीतरी ते पान मोठ्यानं वाचलं. त्यानंतर त्याच्या दाराशी आईच्या हातच्या किमचीच्या लोणच्याचा डबा नेमानं येत राहिला, पण दार कुणी वाजवलं नाही.

कोळशाच्या दिवशी थंडी अशी होती, की श्वास तोंडातून निघाला की तिथंच लटकायचा. याकसाच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. खाली ट्रक उभा करायचा, वरपर्यंत माणसांची साखळी लावायची आणि कोळशाच्या भोकाभोकांच्या गोल वड्या हातोहात वर चढवायच्या. वडीकडे बघायचं नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, म्हणजे ती फुटत नाही. साखळीत हानसोलचे काळ्या कोटातले, हळव्या चेहऱ्यांचे श्रोते होते, आणि त्यांच्यामध्ये फुलाफुलांच्या जाकिटातल्या बाजारच्या बायका. आई अगदी वर, वड्या रचायला. टोफूचा हात, तिच्याकडून काही फुटत नाही. हानसोल अगदी खाली, ट्रकपाशी. मध्ये सगळी टेकडी.

त्याच्या शेजारी सुकी मासळी विकणारी ओकबुनमावशी होती.

“काय रे, वर जाऊन काय विनोद करणार आहेस?” वडी घेत तिनं विचारलं. “आधी मला सांग. मी हसले तर म्हातारेही हसतील.”

हानसोलनं घाबरत घाबरत सांगितलं, “आई मला दरवर्षी परीक्षेची चिक्की देते. परीक्षा मी एकदाही दिली नाही, पण चिक्कीपायी दोन दाढा गेल्या. सरकारी नोकरीसाठी एवढा त्याग कुणी केलाय?”

ओकबुनमावशी खळखळून हसली आणि वडीबरोबर विनोदही पुढच्या मुलीच्या हाती दिला. ती मुलगी हसली. तिच्या पुढचाही हसला.

“मावशी! पुढं कशाला सांगितलंत?”

“मग काय गिळून टाकू?”

थांबवायचं कसं? हातात वडी, मागे वडी, आणि हसू पायरीपायरीनं वर निघालेलं. वळणाशी ते दिसेनासं झालं, नुसतं ऐकू येत राहिलं. मग वर, आई उभी होती त्या निळ्या छपरांपाशी, एकदम शांतता. हानसोल टाचा उंचावून वर बघू लागला.

थोड्या वेळानं वड्यांच्या उलट दिशेनं शब्द उतरत आले. ओकबुनमावशीनं कान पुढे करून ऐकले आणि ती गुडघ्यावर हात मारून म्हणाली, “तुझी आई म्हणते, ‘दाढा चिक्कीनं नाही गेल्या. दात न घासता झोपायचा. मी साक्षीदार आहे.’”

इतक्या दिवसांनी आईचं पहिलं वाक्य आलं होतं, तेही अनोळखी माणसांच्या तोंडातून. पण बोलण्याचा ढंग तिचाच होता.

“सांगा तिला,” हानसोल घाईघाईनं म्हणाला, “झोप होतीच कुठं? तिच्या घोरण्यानं दाढा हलल्या.”

गेलं वर. उत्तर लगेच आलं. “‘त्याची गाणी ऐकत पडलं की डोळा लागतोच. मग माणूस घोरणार नाही तर काय करणार?’”

अख्खी गल्ली हसली. कधी न हसणारे काळे कोटसुद्धा भिंतींना टेकून हसले. हानसोल मात्र मावशीकडे वळला.

“ती माझी गाणी ऐकते?”

“रोज,” ओकबुनमावशी म्हणाली. “टोफूची पेटी उघडतानाही तुझंच रडगाणं चालू असतं. आम्ही कंटाळलो. तू पुस्तकात लिहिलंयस ना, आईला लाज वाटते म्हणून? खोटं आहे ते.”

“मग परीक्षेचं का सांगायची?”

मावशीनं हातातली वडी पुढं दिली आणि मगच बोलली. “माझा पोरगा खरंच परीक्षा देत होता. दर वर्षी नापास. मी मासळीच्या टोपल्यांआड रडायचे. एक दिवस तुझी आई येऊन म्हणाली, ‘माझाही नापास झालाय गं.’ मग आम्ही दोघी मिळून चिक्की आणायचो, दोघी मिळून शिव्या द्यायचो. आता माझा पोरगा नळदुरुस्तीची कामं करतो, मजेत आहे. पण एकदा सुरू केलेलं तिला मोडवेना. कळलं का, लेखकमहाशय?”

हानसोलच्या हातात वडी तशीच राहिली. मागून ट्रकवाला ओरडला. त्यानं वडी दिली आणि हळू आवाजात म्हटलं, “मावशी, तिला म्हणावं, ते पान मी चुकीचं लिहिलं. माझं चुकलं.”

मावशीनं पुढच्या मुलीला सांगितलं आणि वर बजावलं, “हे नीट न्या गं. सांडू नका.”

ह्या वेळी कुणी हसलं नाही. ते एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जपून जपून चढत गेलं. वळणापलीकडे गेलं. मग साखळी थांबली. पार खालपर्यंत सगळ्यांचे हात हवेत तसेच राहिले.

उत्तर उतरलं. “‘कोळसा का थांबलाय? इथं म्हातारी माणसं गारठलीत.’”

हानसोलची मान खाली गेली.

“अरे थांब, अजून आहे,” मावशी म्हणाली. “‘आणि त्या गाढवाला म्हणावं, कानटोपी घाल.’”

त्यानं खिशातली टोपी काढून कानांवर इतकी ओढली, की पुढचा काही वेळ त्याला कुणाचंच ऐकू आलं नाही. नुसत्या वड्या वर जात राहिल्या.

दुपारी टेकडीवरच्या वृद्धमंडळाच्या अंगणात सगळे काळ्या तोंडांनी चटयांवर बसले. गरम सूप फिरलं. मेंगदादा आईपाशी जाऊन वाकला. “मावशी, चला ना माईकपाशी. विनोद तुम्हा दोघांचाच.”

“मी लांबूनच बरी बोलते,” शेगडीपाशी बसलेली आई म्हणाली. “समोर आला की मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.”

मेंगदादानं जरा विचार केला आणि मंडळींना सांगितलं, की आता कुणी आपली जागा सोडायची नाही, फक्त शेजाऱ्याकडे कान करायचा. हानसोल पुढे माईकपाशी उभा राहिला. आई सगळ्यात मागे. तिनं शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. म्हातारा पुढे सांगण्याआधीच हसत सुटला, त्याला खोकल्याची उबळ आली, कुणीतरी त्याची पाठ चोळली. मग त्यानं सांगितलं. हसू ओळीमागून ओळ पुढे येऊ लागलं, आणि ते आपल्यापर्यंत पोचायची वाट बघत हानसोल कानटोपी वर करून उभा राहिला.