मक्याच्या शेतातला रोमन राजा

आमचे हे रिटायर झाले आणि बेसमेंटमधल्या सोफ्याला कायमचा माणूस मिळाला. हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात, लॅबमध्ये, तीस वर्षं धातू तपासले. आता छत तपासू लागले. दिवसभरात बोलणं काय, तर "चहा?" आणि "नको." मला फार भीती वाटायची.

मग ह्यांनी व्हिडिओ पाहिले. इंग्लंडात कुणाला तरी शेतात रोमन नाणी सापडली, म्हणून आमच्याकडे मेटल डिटेक्टर आला. रोमन लोक कॅनडात कधी आलेच नव्हते, हे मी सांगून पाहिलं. "एखादा सेटलर इंग्लंडातून कलेक्शन घेऊन आला असेल. पॉसिबिलिटी रूल आऊट करता येत नाही," हे म्हणाले. इंजिनिअर माणूस, चुकेल कसा? ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मका काढल्यावर शेत मोकळं करून दिलं. त्यालाही करमणूक हवीच असणार. तीन आठवड्यांत बिअरची झाकणं, खिळे आणि ट्रॅक्टरचा एक बोल्ट निघाला. पण हे बोलायला लागले! जेवताना त्या बोल्टवरसुद्धा बोलायचे. आणि एके दिवशी म्हणाले, "स्नो पडायच्या आधी अजून दोन शनिवार बघतो. मग मशीन विकून टाकू."

मला पुन्हा तो सोफा दिसला.

मी गुपचूप ऑनलाइन एक अस्सल रोमन नाणं मागवलं. आलं ते काळंहिरवं, मातकट. कुठली कुठली घाण! तसंच घरात कसं ठेवायचं? चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखं लख्ख घासलं. राजाचं नाकसुद्धा दिसायला लागलं. मग हे डेंटिस्टकडे गेले असताना गाडी काढली आणि कुंपणाजवळ, ह्यांनी पुढच्या शनिवारसाठी खुणेची काठी रोवली होती तिथं, नाणं पुरून आले.

शनिवारी मीही सोबत गेले. काठीपाशी मशीन ओरडलं. ह्यांनी खणलं. दोन हजार वर्षांचा राजा आत्ताच आंघोळ करून निघाल्यासारखा बाहेर आला.

"अय्या, खरंच की हो!" मी म्हटलं. अभिनय मला बरा जमतो असा माझा समज होता.

ह्यांनी नाणं अंगठ्यानं पुसलं, उन्हात धरलं. "चिंच लावलीस?"

मी मान खाली घातली. आता चिडतील, मशीन गाडीत टाकतील आणि घरी जाऊन आडवे होतील. संपलं सगळं.

ह्यांनी बुटानं खड्डा बुजवला. मग नाणं खिशात टाकत म्हणाले, "ह्या गुडघ्यांनी तू खाली बसलीस कशी? आणि उठलीस कशी?"

"कुंपण धरून."

अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या गुडघ्यांची ही पहिली चौकशी. मी त्या मक्याच्या खुंटांत उभी राहून ढसाढसा रडले.