उभा चिरलेला पाईप

उंद्री गावच्या एक शेतकरी बाई पिशवीत पाईपाचे तीन तुकडे घेऊन कारखान्यात आल्या, तेव्हा माझी ड्यूटी संपत आली होती आणि पाय भरून आले होते. आमच्याकडे तुषार सिंचनाचे काळे पाईप बनतात. ते तपासणं माझं काम. बाईंनी आवाज चढवला नाही. हरभऱ्याला पाणी देताना तीन पाईप फाटले, तिन्ही उभे चिरले, एवढंच सांगितलं.

मी जाडी मोजली. बरोबर होती. मालक म्हणाले, बाईंनी दाब जास्त दिला असेल. तेच मान्य करून घरी जावं, असं मलाही वाटलं. तरी एक तुकडा भट्टीत तापवून पाहिला. तो लांबीला चांगलाच आखडला.

मशीनवर माझ्याही आधीपासून असलेल्या चाचांना विचारलं.

"दाण्याचा नवा माल आला तवापासून पाईप लवकर कडक होऊन राह्यला, ताई," ते म्हणाले. "म्या सांगतलं होतं. स्पीड कमी कराले कोनी तयार नाही."

मग माझ्या लक्षात आलं. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या साखळ्या. वितळलेल्या मालात त्या केसांच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात. मशीननं ओढलं की ताणल्या जातात. आखूड साखळ्या लगेच पुन्हा गोळा होतात. लांब साखळ्यांना वेळ लागतो. तेवढ्यात पाईप थंड झाला, तर त्या ताणलेल्याच राहतात आणि त्यांच्याभोवती ओढीच्या दिशेनं स्फटिक धरतात. असा पाईप लांबीला दणकट असतो, पण आतून पाण्याचा दाब आला की उभा फाटतो. तापवला की त्या साखळ्या मोकळ्या होऊन गोळा होतात, म्हणूनच तुकडा आखडला होता. नव्या मालात लांब साखळ्या जास्त होत्या. एम.एस्सी.ला मी हे सगळं परीक्षेत लिहिलं होतं. माल बदलला त्या दिवशी मात्र मालासोबत आलेला कागद पाहून नुसती सही केली होती.

बाईंना मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं,

"मंग आधी काऊन नाही पाह्यलं, बाई?"

चूक माझी आहे, एवढं मी म्हटलं.

मालकांना समजावण्यात दोन दिवस गेले. शेवटी चाचांनी स्पीड उतरवला, माल थोडा जास्त गरम ठेवला. दिवसाकाठी पाईप कमी निघू लागले, पण भट्टीत आखडणं जवळजवळ थांबलं. बाईंना नवे पाईप दिले. हरभरा निघेपर्यंत ते टिकले, असं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं.

तो माल संपला, दुसरा आला, आणि मालकांनी स्पीड पुन्हा वाढवायला सांगितलं. मी नव्या मालाच्या पाईपाचा तुकडा कापला, भट्टीत ठेवला आणि स्टूल ओढून बसले. वाद घालायची ताकद नव्हती, पण तुकडा किती आखडतो ते पाहिल्याशिवाय सही करणार नव्हते. तुकडा तापेपर्यंत चाचाही शेजारी उभे राहिले.