राहीबाईंची पाठ

माझी नात विजयमाला कॉलेजात शिकवते. तिचं म्हणणं, पलूसच्या गायिका राहीबाईंना स्त्रीवादी म्हणता येणार नाही. त्या स्वतःच सांगत, "बाईनं हद्दीत ऱ्हावं." हे खरं आहे, मीही ते ऐकलं आहे. पण मी त्यांना गातानाही पाहिलं आहे.

१९४६चा माघ. मलकापूरला आमच्या घरी नणंदेचं डोहाळजेवण होतं. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधून शिकून नुकतीच सून म्हणून आले होते. राहीबाईंच्या तबकड्या तेव्हा साताऱ्यापासून सांगलीपर्यंत वाजत. त्यांची बैठक बाहेरच्या सोप्यात, पुरुषांसमोर. आम्ही बायका माजघरात, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड.

बसताच राहीबाई माझे सासरे हंबीरराव यांना म्हणाल्या, "आवं सरकार, डोहाळं बाईचं आन गाणं गड्यांनी ऐकायचं? आयाबायांस्नी फुडं बसवा की."

"आमच्यात गोषा हाय. त्या आतनं ऐकतील. गाणं कानानंच ऐकत्यात न्हवं?"

"व्हय की. मग तुमी बी कानानंच ऐका."

आणि त्या उठून माजघराकडे तोंड करून बसल्या. पाठ सगळ्या सोप्याकडे.

त्यांचा भाऊ केरबा ढोलकीवर होता. तो पुटपुटला, "आक्का, फिर माघारी. पोटावर पाय यील." त्याची भीती खरी होती. मामंजी उठले असते तर बैठक मोडली असती, आणि आमच्या दारातून परत गेलेल्या बाईला कऱ्हाड भागात पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

"तू बी फिर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सूर लावला.

माझे दीर मानसिंग पलटणीतून रजेवर आले होते. ते मोठ्यानं म्हणाले, "पाठ बघाय बोलावलंय व्हय हिला?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "आमी लगीन झाल्यापास्नं गाणाऱ्यांची पाठच बघतोय."

बायका हसल्या. माजघरातलं हसू सोप्यात जाण्याची आमच्याकडे रीत नव्हती. सगळे मामंजींकडे पाहू लागले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "गप बस रं मानसिंग. गाऊ दे."

राहीबाई तिन्हीसांजेपर्यंत आमच्याकडे बघून गायल्या. पडद्यातून त्यांना आमचे चेहरे दिसत नसावेत, पण आकृती दिसत असाव्यात; नणंदेनं मान हलवली की त्या तीच जागा पुन्हा घेत.

त्या उन्हाळ्यात कऱ्हाडच्या दोन घरांनी त्यांचं बोलावणं रद्द केलं. पुढच्या वर्षी धाकट्या नणंदेच्या डोहाळजेवणाला मामंजींनी पलूसला माणूस धाडला. राहीबाईंनी उलट निरोप दिला, चिक काढणार असाल तर येते.

मामंजींनी चिक काढायला लावला. त्या आल्या.