बॅटरी कुठे बांधायची

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली तेव्हा आमच्या घरी आनंद झाला नाही, चर्चा झाली. दवाखाना संध्याकाळचा. आम्ही राहायचो हुडकेश्वरला, आणि सत्तरच्या आसपास हुडकेश्वर म्हणजे नुसती शेतं. डांबरी रस्ता संपला की पांदण लागायची. पांदण म्हणजे दोन शेतांमधली, बैलगाड्यांनी झिजून खोल गेलेली वाट. दोन्ही बाजूंना धुरे, म्हणजे मातीचे उंच बांध, मध्ये काळ्या मातीत चाकोऱ्या, आणि दिवाळीनंतर त्या वाळून दगड झालेल्या. अशा वाटेवर सायकल आपण चालवत नाही. ती नेईल तिकडे मुकाट्याने जायचं असतं.

वडील विणकर. माग घरातच होता. त्यांनी एकच अट घातली. "रोज अंधार पडल्यावर तुह्या सायकलचा उजेड आंगणातून दिसला पाह्यजे. दिसला नाही, का दुसऱ्या दिवसापासून नोकरी बंद."

नोकरी बंद म्हणजे लग्न होईपर्यंत घरी बसून त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणे. ते काम मी लहानपणापासून करत आले होते आणि मला ते मनापासून नकोसं झालं होतं. दवाखान्यात मी नंबर पुकारत असे, पुड्या बांधत असे, आणि माझ्याहून दुप्पट वयाची माणसं मला ताई म्हणत. तेवढ्यासाठी मी अंधारात कितीही वेळा आपटायला तयार होते. वडिलांना मागावरून सारखं उठणं परवडत नसे, म्हणून उजेड पाहण्याचं काम आईकडे आलं.

पहिला दिवा रॉकेलचा, चुलत्यांच्या जुन्या सायकलवरून उतरवलेला. फुकट मिळाला हा त्याचा एकमेव गुण. डांबरी रस्त्यावर तो बिचारा जळायचा, बिनदिव्याची सायकल अडवणाऱ्या पोलीस शिपायाला दाखवण्यापुरता. पांदणीत मात्र पहिल्याच धक्क्याला विझायचा, आणि मी काडेपेटी घेऊन वाऱ्याशी भांडत उभी.

मग सायकलवाल्याचं ऐकलं. "डायनामो घेऊन घ्या ताई. ना तेल, ना सेल. एकडाव पैसे टाकले, का जिंदगीभर फिकीर नाही." त्याच्या दुकानापुढे गुळगुळीत रस्ता होता, त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं होतं. डायनामो चाकाला घासून चालतो. चाक जोरात फिरलं तर उजेड जोरात. पांदणीत सायकल मुंगीच्या पावलांनी जाते, म्हणजे जिथे उजेडाची सगळ्यात जास्त गरज तिथे तो काजव्याएवढा. थांबलं की तोही गुल. एका संध्याकाळी माझी चेन उतरली, मी थांबले, उजेड गेला आणि वडील माग टाकून, काठी घेऊन, अनवाणी पांदणीत धावत आले. मी खाली बसून चेन चढवत होते. त्यांचा अवतार पाहून मला हसू आलं, त्यांना काही आलं नाही. "एकडाव झालं," ते म्हणाले. "आता पुन्हा नाही."

तेव्हा मी दोन सेलची हातातली बॅटरी घेतली. घेताना दुकानात चार बॅटऱ्या उघडझाप करून पाहिल्या आणि सगळ्यात स्वस्त ती निवडली, कारण खर्च पुढे सेलांचाच होणार होता. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ती हँडलवर आवळली. उभं राहिलं तरी ती जळायची, हे महत्त्वाचं. सेल आत खुळखुळले की उजेड डोळे मिचकावायचा, त्यावर मी पुड्यांचा कागद सेलांभोवती गुंडाळला. उतरलेले सेल दुपारी कौलांवर उन्हात ठेवले की आणखी एखाददोन दिवस ओढत. घरी आई रोज म्हणे, दिसला. वडील समाधानी.

मी समाधानी नव्हते, कारण मी पडतच होते. उंचावरून समोर उजेड टाकला की सगळी जमीन सारखीच दिसते. खड्डा कुठला आणि सपाट कुठलं, ते गुडघा फुटल्यावर कळतं. घरी मी दवाखान्याच्या पायरीवर घसरल्याचं सांगत असे. ती पायरी माझ्यामुळे फार बदनाम झाली.

एकदा पट्टी सैल होऊन बॅटरी घसरली आणि पुढच्या चाकाच्या आसाजवळ, तोंड समोर करूनच, अडकली. मी शिव्या देत उतरणार, तोच समोर पाहिलं. जमिनीलगतच्या त्या उजेडात प्रत्येक ढेकळाची, प्रत्येक चाकोरीची सावली लांब पडली होती. कुठे वळायचं, कुठे उतरायचं, सगळं स्पष्ट. दुसऱ्या दिवशी मी बॅटरी मुद्दाम तिथेच बांधली आणि पडणं बंद झालं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. घरी कोणी काही बोललं नाही, म्हणजे अंगणातूनही ठीक दिसत असणार, असं मी धरून चालले.

पुढे पौषातल्या एका संध्याकाळी शहर संपता संपता मागचा टायर फुटला. आमच्याकडचे एक शेतकरी काका रिकामी बैलगाडी घेऊन परतत होते. त्यांनी सायकल गाडीत टाकली, मलाही बसवलं. काकांचं घर पलीकडच्या बाजूला, म्हणून गाडी पांदणीने न येता लांबच्या रस्त्याने आली आणि आमच्या घराच्या मागे निघाली. सेल वाचवायला मी बॅटरी बंदच ठेवली होती. सायकल उतरवून मी घराच्या कडेने ढकलत पुढे आले.

आत माग चालू होता. तो थांबला.

"दिसला का वं?" वडिलांनी आतून विचारलं.

आई कुंपणाला धरून, पांदणीकडे तोंड करून उभी होती. समोर मिट्ट काळोख होता, पांदणीतलं आंब्याचं झाडही दिसत नव्हतं.

"दिसला जी," ती म्हणाली. "आंब्यापाशी आली."

माग पुन्हा सुरू झाला.

मी तिच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर होते. आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा उजेड असेल. पाहिलं तर कोणी नव्हतं. मग एकदम कळलं. बॅटरी खाली बांधल्यापासून उजेड धुऱ्याच्या आड जात होता आणि अंगणातून तो एकदाही दिसला नव्हता. रोज ती अंधाराकडे पाहून दिसला म्हणत होती आणि मी फाटकाशी येईपर्यंत तशीच उभी राहत होती. मी कुठे पडले आहे की येते आहे, तिला काही माहीत नसे. काही झालं असतं तर दोष तिच्या एकटीच्या माथी आला असता. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. माझी नोकरी मीच सांभाळते आहे, अशी माझी समजूत होती.

"आई."

ती दचकली. मग माझं मनगट घट्ट धरून तिने खांद्यापर्यंत हात चाचपला.

"हळू बोल. आयकू जाईन."

"उजेड कुठं दिसला तुले?"

"नाही दिसत. लय दिवस झाले."

"मंग मले काहून नाही सांगितलं? उद्यापासून वरतं बांधतो."

"वरतं बांधून तुले रस्ता दिसते का?"

"नाही."

"मंग खालीच राहू दे," आई म्हणाली. "तू रस्ता पाहाय. दिसला म्हणून त्याईले मी सांगतो."