बोटीने मागे ठेवायचा निरोप

मोनालीशी वाद घालायचा तर भरल्या पोटी घालावा. पनवेलच्या आमच्या चिमुकल्या ऑफिसात मी, उदयसिंह, नावाला साहेब. हुकूम चालतो तिचा. मोरा गावच्या कोळ्याची पोर. इंजिनिअर झाली, पण आवाज अजून बंदरावरचाच.

आम्ही मच्छीमार बोटींसाठी एक डबी बनवत होतो. बोट कुठे आहे, इंजिन किती तापलंय, हे ती सेकंदा-सेकंदाला किनाऱ्यावर कळवणार. कळवायचं कोणत्या पद्धतीने, यावरून आमची जुंपली. मी वेबसाइटवाल्या एचटीटीपीचा हट्ट धरून बसलो; सवयीचं ते बरं.

"सर, म्हणजे प्रत्येक निरोपाला दार ठोठावायचं, नाव-गाव सांगायचं, मग बोलायचं! रेंज आधीच मरतुकडी. एमक्यूटीटी घ्या. त्यात एकदा दार उघडलं की उघडंच राहतं."

घेतलं बाबा एमक्यूटीटी!

त्यात आणखी एक सोय असते. बोट अचानक गप्प झाली तर किनाऱ्यावरच्या सर्व्हरने घरच्यांना काय सांगायचं, ते डबीने निघतानाच लिहून ठेवायचं. मोनालीने लिहिलं, 'जोडणी संपली'. पहिली चाचणी तिच्या वडिलांच्या, दिनानाथांच्या बोटीवर.

बोट रेंजबाहेर गेली, ती जाणारच होती, आणि मोनालीच्या आईच्या, गोदूबाईंच्या फोनवर ते दोन शब्द आले. बाई हातातली मासळी टाकून जेट्टीवर धावल्या. बोट परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. मग स्वतः डबी उपटून लेकीच्या हातात दिली.

"मानूस दर्यावं असताना 'संपली' लिवतं का कोन? नाय पायजे आमाला!"

दुसऱ्या दिवशी पोरगी ऑफिसात रडली. मला कुणाचं रडणं बघवत नाही, म्हणून मी चिडलो. "एवढंच ना? मग काहीच लिहू नकोस!"

"नाही सर. नुसतीच गप्प झाली तर आई जास्त घाबरेल."

डोळे पुसून तिने एकच शब्द टाइप केला: 'येतो'.

घरातून निघताना आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का? एवढं साधं मला सुचू नये, कपाळ माझं! तरी मी विचारलंच, "अगं, आणि खरंच काही झालं तर?"

"त्यासाठी आपल्या पडद्यावर लाल खूण राहील. आपण धावू. पण आईकडे हेच जाईल. माझे आजोबा शेवटचे निघाले तेव्हा येतो म्हणूनच निघाले, सर. आजी तेवढ्यावर जगली."

मी डबी तिच्यापुढे सरकवली.

गोदूबाईंनी डबी पुन्हा लावू दिली ती केवळ लेकीच्या शब्दाखातर. बोट निघाली त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. फोन वाजला. मासळी साफ करणारे हात थांबले. बाईंनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि फोनलाच म्हणाल्या, "बरं, या हां."

मग त्यांनी पुढचा मासा उचलला.